प्रॉपर्टीची यादी

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मला धड भूमिका कधी मिळाली नाही. पत्र घेऊन येणारा गडी, याच्या पुढे माझी मजल गेली नाही. मात्र प्रॉपर्टी माझ्याकडे होती. नाटकवाल्यांची प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. पानाचा डबा, काठी, तार, चष्मा, दर प्रयोगाला फुटणारा एक कप. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की दोनशे पानी वहीत यादी करायची, प्रयोगाच्या दिवशी तिची नक्कल विंगेतल्या टेबलाला चिकटवायची. वस्तू मांडली की बरोबरची खूण, पडदा पडल्यावर परत आली की फुली. फुली पडली नाही, तर ज्याच्या घरून ती वस्तू आणली त्याच्या दारात तोंड घेऊन मीच उभा.

वही अजून आहे. मागची काही पानं कोरी राहिली होती. त्यांवर गेल्या पावसाळ्यात दुसरीच यादी सुरू केली: रंगमंचावर गेल्या आणि टेबलावर परत आल्या नाहीत अशा गोष्टी. क्रम आठवेल तसा.

प्रॉम्प्टर – 1, वहीसकट

पहिल्या विंगेत एक स्टूल, 15 चा बल्ब, बल्बावर पत्र्याच्या डब्याचं झाकण, म्हणजे उजेड वहीपुरताच. स्टुलावर बसलेला माणूस सगळं नाटक ओठांतल्या ओठांत करत असे. नव्या माणसाला वाटतं, अडलेल्या नटाला वाक्य सांगणं हे प्रॉम्प्टरचं काम. वाक्य सांगायचंच नसतं. वाक्यातला एक शब्द सांगायचा, बहुतेक वेळा पहिला, पण नेहमी नाही. ‘आणि’ने सुरू होणारं वाक्य ‘आणि’ सांगून कुणाला आठवत नाही.

त्याहून अवघड म्हणजे नट थांबलाय की अडलाय हे ओळखणं. आमचे प्रॉम्प्टर शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणत, थांबलेला नट श्वास सोडतो, अडलेला श्वास धरून ठेवतो. ते वहीकडे कमी आणि नटाच्या खांद्यांकडे जास्त बघत.

जुन्या मंडळ्यांमध्ये प्रॉम्प्टर ही चैन नव्हती. आज ‘शाकुंतल’, उद्या ‘सौभद्र’, परवा ‘शारदा’, अशी दहा-बारा नाटकं कायम हाताशी ठेवायची तर एवढं पाठांतर कुणाच्या बापाला जमणार? पुढे एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग होऊ लागले, नटाच्या जिभेवर ते नाटक बसलं, आणि प्रॉम्प्टर असणं म्हणजे तालीम कच्ची असल्याची कबुली ठरली. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. रोज नवं गाव, रात्रभर खेळ, तालमींना सवड कमी. तिथे प्रॉम्प्टर टिकला. आणि गंमत अशी की शहरात हाकलून दिलेला हा माणूस मालिकांच्या सेटवर पुन्हा कामाला लागला आहे. तिथे तो कुजबुजत नाही, मोठ्याने सांगतो. नंतर त्याचा आवाज काढून टाकता येतो.

स्वगत, जनान्तिक, ‘एकीकडे’

खलनायक दोन पावलं पुढे येतो, प्रेक्षकांना आपला सगळा बेत सांगतो, आणि तीन हातांवर उभ्या असलेल्या नायकाला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही. यात कुणाला काही खटकत नसे. प्रेक्षकाने तेवढं मान्य करून तिकीट काढलेलं असे.

1 जुलै 1933 रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी लिहिलेलं, केशवराव दात्यांनी बसवलेलं. स्वगतं नाहीत, गाणी मोजकी, बायकांच्या भूमिकांत बायका, दिवाणखान्याला खरी दारं-खिडक्या. मंडळी इब्सेनच्या वाटेने निघाली होती. माणूस घरात एकटा असताना मोठ्याने बोलत नाही, हे त्यांचं म्हणणं चूक म्हणता येत नाही. (माझी आजी बोलत असे. पण ती नाटकात नव्हती.)

स्वगत गेलं, पण स्वगताची गरज कशी जाणार? मनातलं सांगायचं राहिलंच. मग टेलिफोन आला. तिसऱ्या-चौथ्या दशकानंतरच्या दिवाणखानी नाटकांत हे बघा: पडदा वर जातो, फोन वाजतो, नायिका रिसीव्हर उचलते आणि पलीकडच्या न दिसणाऱ्या मैत्रिणीला ती सगळी माहिती देते, जी मैत्रिणीला आधीच असणार आणि आपल्याला हवी असते. जोडीला जुना नोकर, जो धुळीचा फडका मारता मारता घराण्याचा इतिहास बोलतो. वास्तववादाच्या नावाने स्वगताला बाहेर काढलं आणि टेलिफोनच्या तारेवरून तेच आत आलं. स्वगत त्यापेक्षा प्रामाणिक होतं असं माझं मत आहे.

आणि ते मेलंही नाही. 1970 साली शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ आला तो स्वगतांच्याच बळावर उभा होता. फक्त आता बोलणारा स्वतःच नट होता, त्यामुळे मोठ्याने बोलायचा परवाना त्याच्याकडे आधीपासूनच होता. 1974 साली सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या भाऊरावांनाच कीर्तनाला उभं केलं. कीर्तनकार श्रोत्यांशी बोलणारच. जनान्तिक मात्र गेलं ते गेलं. तोंडाशी आडवा हात धरून बोलणारा नट आता फक्त जुन्या नटांच्या नकलेत दिसतो.

रस्त्याचा पडदा

पडद्यांचा एक संच असे. राजवाडा, जंगल, देऊळ, तुरुंग, रस्ता. नाटक कुठलंही असो, जंगल तेच. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदे रंगवत. भिंतीतली खोली, खांबांची रांग, पार मागे जाणारा रस्ता, सगळं एका कापडावर. पडद्याला पाठ लावून उभा राहिलेला नट मात्र त्या लांबच्या देवळाहून उंच दिसे, म्हणून मागे जायचं नाही अशी ताकीद.

यातला रस्त्याचा पडदा खास. तो अगदी पुढे सुटायचा. मागे राजवाडा मोडून तुरुंग उभा करायचा तर पाच-सात मिनिटं लागणार. तेवढ्या वेळात पुढच्या अरुंद पट्टीत, रस्त्याच्या पडद्यापुढे, दोन विनोदी पात्रं येऊन भांडायची. मागून ठोकाठोकीचा आवाज येऊ नये म्हणून भांडण मोठ्याने. आता सांगा, हा प्रवेश कुणी लिहिला? नाटककाराने लिहिला म्हणणं अर्धंच खरं. पडद्यामागच्या सुताराला वेळ हवा होता म्हणून तो लिहिला गेला. जुन्या नाटकांत मूळ कथेला बिलगलेलं एक हलकंफुलकं उपकथानक का असतं, याची पुस्तकी उत्तरं बरीच आहेत, भरतापासून शेक्सपिअरपर्यंत. माझं उत्तर: रस्त्याचा पडदा.

याचा पडताळा उलट बाजूनेही मिळतो. मो. ग. रांगणेकरांनी 1942 च्या ‘कुलवधू’च्या सुमारास एका अंकाला एकच प्रवेश ही पद्धत रूढ केली. दृश्य बदलायचं कारण उरलं नाही, पडदा गेला, आणि त्याच्या पुढ्यात भांडणारी ती दोघं बेकार झाली. त्यांची जागा घरातल्याच विसरभोळ्या मामाने घेतली.

तळदिवे

रंगमंचाच्या कडेला ओळीने. चेहरा खालून उजळत असे, हनुवटी गोरी आणि कपाळ अंधारात. म्हणून भुवया तशा जाड रंगवायच्या. मागच्या राजवाड्यावर नटांच्या राक्षसासारख्या सावल्या. गेले, बरं झालं.

त्याच ओळीत मुरदाडशिंगही खोडतो. चेहऱ्याला लावायचे रंग म्हणजे पिवडी, सफेदा, हिंगूळ, काजळ आणि मुरदाडशिंग. यातलं मुरदाडशिंग म्हणजे शिसं. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी चेहऱ्याला शिसं फासून देवांच्या भूमिका केल्या.

मिठाच्या पाण्याचा डिमर

मोठ्या शहरात कारखान्यातले डिमर होते. आम्ही स्पर्धेला जात असू तिथे नव्हते. आमच्या प्रकाशवाल्याने सांडपाण्याचा चिनी मातीचा पाइप उभा केला, तळ सिमेंटने बुजवला, आत मिठाचं पाणी भरलं. तळाशी एक पत्रा, वरून दोरीला टांगलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडावा तसा दोन पत्र्यांमधला रोध कमी होतो, वीज जास्त जाते, दिवा उजळतो. वर ओढला की मावळतो. मीठ किती हे चिमटीवर. कमी पडलं तर दिवा पेटायला तयार नाही, जास्त झालं तर एकदम भगभग.

दुसऱ्या अंकात संध्याकाळ होती. ती आठ मिनिटं चालायची. प्रकाशवाला दोरी धरून उभा, खोबणीला तंगडी लावून, आणि नायिकेच्या बोलण्याच्या लयीत पत्रा इंचाइंचाने वर. एखाद्या दिवशी ती भरभर बोलली तर सूर्य लवकर मावळे. पाणी तापायचं, वाफ यायची, पहिल्या रांगेतल्या परीक्षकांना कुठेतरी चहा उकळतोय असं वाटत असणार. हात लावला असता तर माणूस दगावला असता. तेव्हा हे गेलं याबद्दल तक्रार नाही. आता संगणकात आठ मिनिटांची संध्याकाळ भरून ठेवतात आणि ती बरोबर आठच मिनिटं होते. नायिकेने सूर्याबरोबर चालायचं, सूर्याने नायिकेबरोबर नाही, एवढाच फरक.

नांदी

आता सत्कार-समारंभात.

स्त्रीपार्टी

हा शब्दच नव्या मुलांना सांगावा लागतो. बायकांची कामं करणारा पुरुष नट. बालगंधर्वांचं नाव घेतलं की पुढचं सगळं बोलणं शालू, दागिने, अत्तर आणि आवाज यांकडे वळतं. ते सगळं खरंच होतं. ‘मानापमान’ 1911 चं, ‘स्वयंवर’ 1916 चं. मागे साथीला अहमदजान तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षची सारंगी. नाटक मंडळीने अशी साथ बाळगावी, आणि त्यापायी कर्जात बुडावं, हे आज हिशेबात बसत नाही.

पण माझ्या यादीत बालगंधर्व नाहीत. ते हरवलेले नाहीत, त्यांच्या नावाचं रंगमंदिर पुण्यात 1968 पासून उभं आहे. माझ्या यादीत आहे तो तिसऱ्या ओळीतला स्त्रीपार्टी. रुक्मिणीच्या मागे चवरी ढाळणारी सखी. कंपनीत लहानपणी आला, आवाज फुटला, मिसरूड आली, नायिका होण्याइतका देखणा नव्हता, पुरुषपार्ट करण्याइतका रांगडा राहिला नव्हता. बोलपट आला, कंपन्या मोडल्या, नाटकात बायका आल्या. बायका आल्या हे व्हायलाच हवं होतं, उशिराच झालं. पण या माणसाने मग काय केलं? चालायचं कसं, पदर सावरायचा कसा, मान किती वळवायची, एवढंच त्याला येत होतं.

त्याची नोंद कुठल्या इतिहासात नीट नाही, आहे ती एका नाटकात. 1979 चं आळेकरांचं ‘बेगम बर्वे’. बर्वे हा असाच फुटकळ नट, आता दुसऱ्याच्या तालावर उदबत्त्या विकत फिरतो, ज्याच्या मुठीत आहे त्याचे हाल सोसतो. त्याच्या डोक्यात गंधर्वयुग अजून चालूच आहे. दुसरीकडे दोन कारकून, त्यांच्या कचेरीतली एक बाई, तिच्याबद्दलची त्यांची दिवास्वप्नं. ही दोन्ही स्वप्नं एकमेकांत शिरतात आणि बर्वे त्या कारकुनांच्या संसारातली बाई होतो. जुन्या पदांच्या आधाराने ते स्वप्न पार डोहाळ्यांपर्यंत जातं, आणि मग तुटतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ पदं ऐकून खुशीने मान डोलवत होते. मध्यंतरानंतर त्यांची मान थांबली. शेवटी ते टाळ्या न वाजवता उठले आणि बराच वेळ खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

ज्या काळी ते लिहिलं गेलं तेव्हा तसे म्हातारे पुण्यात, सांगलीत, मिरजेत भेटत असत. आता ‘बेगम बर्वे’चा प्रयोग झाला तर त्यातला बर्वे ज्याने पाहिला असा प्रेक्षक उरलेला नाही. विलापाचं नाटक राहिलं, विलाप ज्याचा तो गेला.

तिसरा अंक

1880 च्या 31 ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा सात अंकांपैकी चारच झाले. बाकीचे पुढे. कुणाची तक्रार नव्हती. मग पाच अंक राहिले, मग तीन. ‘तीन अंकी सामाजिक नाटक’ हे शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर इतके एकत्र छापले गेले की तो एकच शब्द वाटायचा. आता दोन अंक. नाट्यगृहाचं सत्र ठरलेलं, पुढच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी उभा, शेवटची लोकल.

तिसरा अंक गेला म्हणतात, पण माझ्या मते गेला तो दुसरा. पहिल्यात गाठ पडते, तिसऱ्यात सुटते. मधल्या अंकात काही घडत नसे, लोक नुसते त्या गाठीसकट जगत. नाटककाराची परीक्षा तिथे होती. प्रेक्षकांना एवढा धीर नसतो हे कारण मी ऐकून घेत नाही. एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटकं चंद्रकांत कुलकर्णींनी सलग केली, जवळजवळ दिवसभराचा खेळ, आणि लोक डबे घेऊन बसले होते.

दोन मध्यंतरांतला एक बटाटावडाही गेला. तोही यादीत धरला.

दारं – 5

फार्सला विनोद नंतर लागतो, आधी दारं लागतात. एकातून नवरा आत, दुसऱ्यातून सासरा बाहेर, तिसऱ्यामागे लपलेला मित्र. बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ किंवा ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ वाचायला घ्या, हसू तितकं येणार नाही. दारं बसवा आणि मग बघा. दार आपटलं पाहिजे आणि भिंत हलता कामा नये. त्यासाठी चौकट मागून तिरक्या आधाराने फळ्यांना खिळलेली हवी, वर वजन ठेवलेलं हवं. आमच्या सुताराचं म्हणणं होतं, फार्समध्ये सगळ्यात मोठा नट मी. एकदा त्याच्यावर रागावून आम्ही दुसऱ्याकडून दारं करून घेतली. सासऱ्याने दार आपटलं, आणि दिवाणखान्याची पूर्ण डावी भिंत, घड्याळ, दिवंगत आजोबांचा फोटो आणि खिडकीसकट, सावकाश, अगदी दमाने, बाहेर विंगेकडे कलली. प्रेक्षक त्या रात्री जेवढे हसले तेवढे लेखी विनोदाला कधी हसले नाहीत.

दौऱ्याचा खर्च वाढला तसा सेट एका टेम्पोत मावेल इतका झाला. मग छापील फ्लेक्स, आता मागे चकाकणारा पडदा. त्यावर हिमालय दिसतो, समुद्र दिसतो. आपटता येणारं दार दिसत नाही. फार्स गेला म्हणून लेखकांना दोष देणाऱ्यांनी एकदा सुतारांची मजुरी विचारून यावं.

फिरता रंगमंच

अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, 8 ऑक्टोबर 1962, दिल्ली. लखोबा लोखंडे कोर्टात उभा, साक्षीदार बोलू लागतो, रंगमंच फिरतो आणि साक्ष डोळ्यांपुढे घडते. पुन्हा फिरतो, पुन्हा कोर्ट. मराठीत हे पहिल्यांदाच. चक्र फिरेपर्यंतच्या वेळात प्रभाकर पणशीकर एका माणसाचा दुसरा माणूस होऊन उभे. लोक नाटकाला जसे जात तसे ते चक्र बघायलाही जात. आज हेच काम दिवा बंद-चालू करून होतं. पण दिवा बंद झाला की प्रेक्षक खोकतात. चक्र फिरताना खोकत नसत.

माणसं – बरीच

‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात झालं. त्यात सेट असा नव्हताच. ब्राह्मणांची रांग हाच पडदा. ती पाठमोरी झाली की भिंत, वळली की शहर, झुलली की बाग. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचाली. रस्त्याच्या पडद्याने घालवलेली वर्षं त्या रांगेने एका झुल्यात भरून काढली, असं मला तेव्हा वाटलं होतं. पडद्याला भाडं नव्हतं, भत्ता नव्हता, मागच्या गाडीने परत जायची घाई नव्हती. रांगेला होती. हौस होती तोवर रांग उभी राहिली.

आता व्यावसायिक नाटकाची जाहिरात बघितली की चार नावं, फार तर पाच. त्यामुळे विषयही चार माणसांचे: नवरा, बायको, तिसरं कुणीतरी आणि वडील. गाव, बाजार, दरबार, जमाव ही पात्रं एकांकिका स्पर्धांत शिल्लक आहेत. तिथे कॉलेजची चाळीस मुलं फुकट मिळतात.

बतावणी

तमाशात गण झाला, गवळण झाली, कृष्णाने मावशीला अडवलं, की वगाआधी बतावणी. ठरलेली वाक्यं नाहीत. गावात दुपारी काय झालं ते रात्री रंगमंचावर. पाटील पुढे बसलेला असेल तर पाटलावर. 1965 च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने हे शहरी नाट्यगृहात नेलं. वसंत सबनीसांची संहिता होती, पण दादा कोंडके त्या सकाळचं वर्तमानपत्र वाचून यायचे, आणि माणसं तेच नाटक पुन्हा पाहायची, कारण ते तेच नसायचं.

अडचण अशी की आपल्याकडे नाटक लेखी मंजूर होतं. पानांवर शिक्का. 1910 साली सरकारने ‘कीचकवध’ बंद पाडलं तेव्हापासून, खरं तर 1876 च्या कायद्यापासून, सरकारला नाटक म्हणजे कागद वाटतो. बतावणी कागदावर नसतेच, मग शिक्का मारणार कुठे? तो प्रश्न हळूहळू बतावणीनेच सोडवला, विनोद पाठ करून. सिंधुदुर्गातले आणि पेडण्याकडचे दशावतारी मात्र अजून संध्याकाळी रंग लावता लावता ठरवतात की आज आख्यान कुठलं, आणि उभे राहून बोलू लागतात. रात्री एकाला सुरू झालेला राजा आणि ऋषी यांचा वाद तीनला संपला नाही तर कुणाचं काही अडत नाही.

सुट्या वस्तू

बुकिंगचा प्लॅन. खुर्च्यांचे चौकोन छापलेला कागद, लाल-निळी पेन्सिल. ‘कोपऱ्यातली नको, खांब येतो’, हे सांगणारा माणूस.

स्पूलचा टेप. पार्श्वसंगीताच्या तुकड्यांमधे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टी दिसली की थांबवायचं. वादळाचा तुकडा तुटला तर ब्लेड आणि चिकटपट्टी. वादळ दर वेळी थोडं लहान होई.

पायपेटी, म्हणजे ऑर्गन. आवाज अजून ऐकू येतो, पण छोट्या की-बोर्डातून. पाय मोकळे.

वन्समोअर. याच्यावर शंभर विनोद झाले आहेत, माझा त्यात भर घालायचा विचार नाही.

कुजबुज. हजार माणसांच्या नाट्यगृहात, माइक न लावता, शेवटच्या रांगेला कळेल अशी कुजबुज. ती घशातून नव्हे, व्यंजनांतून येते, असं आमचे गणिताचे मास्तर सांगत. आता नटाच्या कॉलरमागे माइक असतो आणि कुजबुज ही नुसती कुजबुज झाली आहे.

छबिलदास शाळेचा हॉल, दादर. 1974 च्या सुमारास ‘आविष्कार’ तिथे प्रयोग करू लागलं. पडदा नाही, विंग नाही, खुर्च्या शाळेच्या. प्रॉपर्टीवाला म्हणून मला तिथे काही कामच नसे. तरी मुंबईला गेलो की जात असे. वस्तू नसतानाही कप दिसतो हे तिथे कळलं, आणि स्वतःच्या धंद्याची जरा भीती वाटली.

नाट्यगृह – 1

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, 1915 चं, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या नावाचं. शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. केशवरावांनी जुलै 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केलं, आणि तीन महिन्यांत गेले. 9 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस. 2024 साली त्याच्या आदल्या रात्री, 8 ऑगस्टला, त्या नाट्यगृहाला आग लागली. लाकूड जुनं होतं. दुसऱ्या दिवशी जयंतीसाठी जमायचे ते लोक राखेशी जमले. पुन्हा बांधणार. जसंच्या तसं बांधणार असं म्हणतात. ही नोंद मी पेन्सिलीने केली आहे.

टेलिफोन – 1 (काळा, फिरकीचा)

वहीच्या पुढच्या भागात, मूळ यादीत, हा जवळजवळ प्रत्येक नाटकात आहे. पुढे कंसात माझ्याच अक्षरात: वायर लांब हवी. ती वायर सोफ्यामागून विंगेत जायची आणि प्रॉम्प्टरच्या स्टुलाच्या पायाला बांधलेली असायची. बेल वेगळी, बॅटरीवरची, तीही त्यांच्याच हातात. नटाने उचलायच्या आत थांबवायची. एकदा त्यांना डुलकी लागली आणि नायिकेने उचललेला फोन तिच्या हातात वाजत राहिला.

गेल्या वर्षी गावातल्या मुलांनी एक जुनं दिवाणखानी नाटक करायला घेतलं. फोन कुठे मिळेना, म्हणून माझ्याकडे आली. माळ्यावर होता. धुऊन पुसून दिला, तालमीलाही गेलो. नायक बावीस वर्षांचा, हुशार मुलगा, आवाज चांगला. त्याने फिरकीत बोट घातलं, आकडा फिरवला, आणि लगेच दुसऱ्या भोकात बोट घालून दुसरा. मी त्याला थांबवलं. म्हटलं, असं नाही, फिरकी परत जागेवर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा आकडा. पाच आकडे, पाच वेळा. डॉक्टरला फोन करतोयस, आत आई आजारी आहे.

त्याने एकदा करून पाहिलं. फिरकी खरखरत परत आली.

“काका,” तो म्हणाला, “तेवढ्या वेळात मी काय करू?”